टाकीतला मासा खरंच निवांत असतो का?

‘मासा थंड रक्ताचा, त्याला कसलं आलंय टेन्शन!’ ॲक्वेरियमच्या दुकानात हे सर्रास ऐकू येतं. थंड रक्ताचा म्हणजे पाण्याप्रमाणे अंगाचं तापमान बदलणारा, एवढंच. ताणाच्या संप्रेरकांबाबत मात्र मासा आपल्या फार जवळचा आहे. आपल्यासारखी वेगळी अधिवृक्क ग्रंथी त्याला नसते. ते काम मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी करतात. जाळं पाण्यात पडलं की काही सेकंदांत ॲड्रेनालिन रक्तात येतं. मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीमार्फत निरोप गेला की काही मिनिटांनी कॉर्टिसॉल चढू लागतं, आणि ते रेणूनं रेणू आपल्याच रक्तातलं कॉर्टिसॉल असतं. म्हणून संशोधकांना माशाचं रक्त झटपट काढावं लागतं. उशीर झाला, तर मोजमाप होतं ते पकडल्याच्या धसक्याचं.

‘पाण्यात परत सोडला, पोहायला लागला, म्हणजे वाचला.’ हा समज सगळ्यात महागात पडतो, कारण खरा घोटाळा कल्ल्यांत होतो. घाबरलेल्या माशाला जास्त प्राणवायू हवा असतो, त्यामुळे कल्ल्यांतून रक्त जोरात खेळवलं जातं. पण जो पातळ पडदा प्राणवायू आत घेतो, त्यातूनच पाणी आणि क्षारही ये-जा करतात. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट. त्यामुळे पाणी आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. समुद्रातल्या माशाचं उलटं, तो पाण्यात असूनही कोरडा पडत जातो. झटापटीत स्नायूंमध्ये साचलेलं लॅक्टिक आम्ल निराळंच. हा हिशेब जुळला नाही, तर सोडताना धडधाकट दिसलेला मासा दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगतो, आणि दोष पाण्याला दिला जातो.

मत्स्यबीज केंद्रांवरच्या माणसांना हे पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. रोहू-कटल्याची बोटुकली पाठवायची असली की तिला आधी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, उपाशी ठेवतात. पोट रिकामं असलं की प्रवासात पाणी घाण होत नाही. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडं पाणी आणि वर दाबून भरलेला ऑक्सिजन. पाण्यात थोडं मीठ टाकलं की क्षारांची गळती कमी होते. तळ्यावर पोचल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. आधी ती पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं तापमान एक होऊ द्यायचं. घरी आणलेला गोल्डफिश पिशवीतून थेट टाकीत उपडा करणाऱ्यांनी एवढं तरी उचलावं.

‘जखम नाही, म्हणजे त्रास नाही’ हाही असाच समज. रेनबो ट्राउटची जोडी एका टाकीत ठेवली की थोड्या झटापटीत एक दादा ठरतो. झुंजीत दोघांचंही कॉर्टिसॉल वाढतं. जिंकलेल्याचं काही तासांत उतरतं, हरलेल्याचं मात्र चढलेलंच राहतं. तो कोपरा धरतो, अंगानं काळवंडतो, समोर आलेलं खाणं सोडतो, आणि वजन घटत जातं. मग दादाला चावायची गरजही क्वचितच पडते. त्याचं समोर असणं पुरतं. इंग्लंडमध्ये निवडक पैदाशीतून ट्राउटचे दोन वंश तयार केले गेले: ताणात कॉर्टिसॉल भरपूर वाढणारा आणि बेताचंच वाढणारा. दोघांना समोरासमोर सोडलं, तेव्हा बहुधा बेतानं वाढणाऱ्यानंच बाजी मारली. म्हणजे टाकीतला ‘स्वभाव’ काही अंशी आई-बापांकडून येतो.

गर्दीचा प्रश्न सोपा नाही. दाटी झाली की पाणी लवकर बिघडतं, हे खरंच. पण आर्क्टिक चार हा थंड पाण्यातला मासा विरळ ठेवला तर जास्त भांडतो. दाटीनं ठेवला तर भांडणं घटतात आणि वाढ सुधारते. मोजकेच मासे असले की दादाला एकच सावज सापडतं.

आणि कॉर्टिसॉल सापडलं म्हणजे मासा हालात आहे, असंही नाही. नदीत वाढलेलं सामन माशाचं पिल्लू समुद्राकडे निघायच्या सुमारास त्याच्या रक्तात ते आपसूक वाढतं; त्याच्याच मदतीनं कल्ल्यांमध्ये मीठ बाहेर टाकणाऱ्या पेशी तयार होतात. त्या नसत्या, तर खाऱ्या पाण्यात त्याचा निभाव लागला नसता.