फेस ओट्यावर का येतो?

मे महिन्यात घाटकोपर-मुलुंडच्या नाक्यांवर गोटी सोड्याच्या गाडीपाशी घोळका जमतो. ती बाटली हायरम कॉड या इंग्रजाची. पेटंट १८७२ सालचं. आतल्या वायूचा दाबच गोटीला तोंडाशी घट्ट धरून ठेवतो.

घरी कोकम सोडा करायला एवढी करामत नको. पेल्यात दोन-तीन चमचे कोकम सिरप, चिमूटभर जिरेपूड, काळं मीठ आणि वर सोडा. (आगळ वापरलं तर मीठ वगळा, ते मुळातच खारट असतं.) मीठ आधी सिरपमध्ये विरघळवावं. वरून भुरभुरलं, की त्याच्या कणाकणाभोवती कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे धरतात आणि फेस थेट ओट्यावर!

सोडा गारच हवा, हे निव्वळ चोचले नव्हेत. साध्या हवेच्या दाबाला, शून्य अंशावर लिटरभर पाण्यात सुमारे १.७ लिटर हा वायू विरघळतो. ३० अंशांवर पाऊण लिटरही नाही.

साखर-यीस्टनं आंबवूनही फळांचा सोडा होतो, मात्र मुंबईच्या उकाड्यात दाब भराभर चढतो आणि काच फुटू शकते. त्यासाठी सोड्याचीच प्लॅस्टिकची बाटली घ्या, आणि ती दाबून कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा.