लॉरीला शेपूट कशाला?

सोलापूर-हैदराबाद हमरस्ता, पूर्वीचा ९ नंबर व आताचा ६५, कुकटपल्लीतूनच जातो. तिथे माझी अक्का राहते. दाजींचे दोन ट्रक याच रस्त्यावर धावतात, त्यामुळे डिझेलचा हिशेब हा त्या घरातला रोजचा विषय. यंदा मी गेले तेव्हा इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने ट्रकच्या पाठीला हवेने फुगणारी निमुळती शेपटी कागदावर काढली होती.

"लारीगे बाल याक?" अक्काच्या सासूबाईंनी विचारले.

प्रश्न रास्त होता. आपला वारा कानडीत गाळी आणि तेलुगूत गाली. पण अडवतो सगळ्यांना सारखाच. वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध चौपट होतो. शिवाय चौकोनी ट्रकच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि गाडी जणू मागे ओढली जाते. पाठ निमुळती केली, तर ही ओढ घटते.

अमेरिकेत नासाने १९७३ पासून एका खोक्यासारख्या व्हॅनवर असे प्रयोग केले. नुसते कोपरे आणि कडा गोल करून विरोध खूपच कमी झाला. मर्सिडीजने २०१५ मध्ये फ्रँकफर्टला दाखवलेल्या प्रायोगिक मोटारीची पाठ ताशी ८० किलोमीटरला आपोआप ३९० मिलिमीटर लांबत असे. ती कडक होती. भाच्याची मात्र कापडाची. छोट्या पंख्याने फुगायची, वेग उतरला की घडी व्हायची.

दाजी व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "अरे, कुकटपल्लीच्या गर्दीत ही फुगणार कधी? कापड फाटलं तर? मागचा दिवा, नंबर झाकला तर दंड कोण भरणार?"

"गर्दीत ती मिटलेलीच राहील, बाबा. पटानचेरू ओलांडल्यावर उघडेल. दिवे मात्र मला नव्याने मांडावे लागतील."

दाजींनी बराच वेळ कागद न्याहाळला. शेवटी जुना ट्रक एका फेरीपुरता द्यायचे कबूल केले. अट एकच, आधी दिवे, मग शेपटी.

तोवर आपल्या घरच्या गाड्यांसाठी सोपे उपाय आहेतच. ताडपत्री फडफडणार नाही अशी ताणून बांधावी, टपावर विनाकारण ओझे ठेवू नये, चाकांत हवा पुरेशी असावी आणि वेग बेताचा ठेवावा. याला पैसा लागत नाही आणि वाचतो तो घरातच राहतो.