उंदराची जखम भरली, म्हणून अब्बांची भरेल का?

अब्बांना शुगर आहे. पायाला झालेली जखम महिना उलटला तरी भरत नाही. जिमला जाणारा मुलगा एक छोटी कुपी घेऊन येतो आणि म्हणतो, "अम्मी, हे पेप्टाइड आहे. याने जखम आतून भरते. रिसर्च झालाय." अशा कुप्यांचा बोलबाला हल्ली आपल्या मोहल्ल्यांतही ऐकू येतो. रिसर्च झालाय, हे खरं आहे. पण तो कोणावर झाला, हा सवाल घरात कुणीतरी विचारायलाच हवा.

पेप्टाइड म्हणजे काय?

तसबीहमध्ये मणी ओवतात तशी अमिनो आम्लं एकापुढे एक जोडली की पेप्टाइड बनतं. शेकडो मण्यांची लांब माळ झाली की तिला प्रथिन म्हणतात. आपल्या घराघरातलं इन्सुलिन याच कुळातलं, 51 मण्यांचं. म्हणजे पेप्टाइड वाईट नाही. इन्सुलिन माणसांवर सिद्ध झालेलं औषध आहे, ते कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

जखम भरण्यासाठी सर्वाधिक चर्चा असलेलं 'बीपीसी-157' हे 15 मण्यांचं आहे. क्रोएशियातल्या झाग्रेब इथल्या संशोधकांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं. उंदरांचे स्नायू, स्नायुबंध, आतडी यांच्या जखमा लवकर भरल्याचं त्यांनी नोंदवलं. माणसांवरचे अभ्यास मात्र मोजके आणि अगदी लहान आहेत. अमेरिकेच्या एफडीएने त्याला औषध म्हणून मंजुरी दिलेली नाही. खेळाडूंसाठी तर 2022 पासून त्यावर बंदी आहे.

उंदीर आणि माणूस

प्राण्यांवरच्या या टप्प्याला 'प्री-क्लिनिकल' म्हणतात, म्हणजे माणसांवरच्या चाचणीआधीचा टप्पा. तो जरुरी आहे, पण पुरेसा नाही. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. तो जखमेच्या कडा आत ओढतो, म्हणून उंदराची जखम मिटत जाते. आपल्या शरीरात तो थर जवळपास नाहीच. आपली जखम तळापासून नवं मांस येऊन भरते. शिवाय प्रयोगातला उंदीर बहुतेक वेळा तरुण आणि धट्टाकट्टा असतो. अब्बांचं वय साठीपुढचं, पायाचा रक्तपुरवठा कमी, नसा बधिर.

आणखी एक गोष्ट. अशी पेप्टाइडं नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, असं मानलं जातं. जखमेला ते हवंच असतं. पण शरीरात गाठ लपलेली असेल तर तिलाही रक्त हवं असतं. म्हणून दीर्घकाळ तपासणी केल्याशिवाय कोणी 'सेफ' म्हणू शकत नाही.

परळचा धडा

हे सगळं आपल्या मुंबईने पूर्वी पाहिलंय. 1896 मध्ये शहरात प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली. आधी सशांवर तपासली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना केली. तिसऱ्या आगाखानांनी ती जाहीरपणे टोचून घेतली आणि हजारो खोजा त्यांच्यामागे आले. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

पण 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतल्या लसीत धनुर्वाताचे जंतू शिरले आणि 19 माणसं दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, तो पुसायला 1907 साल उजाडलं. लस कामाची होती, घात केला तो बाटलीतल्या घाणीने. मग जिच्यावर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलंय, त्या कुपीत नेमकं काय आहे याची हमी कोण देणार?

हलालचं काय?

"सिंथेटिक आहे, मग हलाल ना?" असंही विचारलं जातं. ही पेप्टाइडं बहुतेक वेळा प्रयोगशाळेत रसायनांपासून एकेक मणी जोडून बनतात. ही पद्धत ब्रूस मेरीफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडली, त्यासाठी त्यांना 1984 चं नोबेल मिळालं. तरी हलाल-हरामचा मसला उलेमांना विचारा. आणि एवढं लक्षात ठेवा, हलाल असणं वेगळं आणि बिनधोक असणं वेगळं. शरीर ही अल्लाहची अमानत आहे.

मग करायचं काय?

- कुणी 'ट्रायल' म्हणालं तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. भारतात 2009 पासून ही नोंदणी सक्तीची आहे.
- संमतीपत्र आपल्याला समजेल अशा भाषेत मागा. खऱ्या चाचणीत इजा झाली तर मोफत इलाज आणि भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.
- शुगरच्या जखमेला आजही खरा आधार म्हणजे साखर ताब्यात ठेवणं, मेलेली कातडी काढणं, नियमित ड्रेसिंग, पायावरचा भार कमी करणं आणि रक्तपुरवठा तपासणं. केईएम, नायर, जेजेसारख्या सरकारी व पालिका रुग्णालयांत हा इलाज होतो.
- वुजू करताना रोज पायाची बोटं, तळवे नीट पाहा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बधिर पायाची जखम दुखत नाही, ती बघावीच लागते.

उद्या यातलं एखादं पेप्टाइड माणसांवरही खरं उतरेल, इन्शाअल्लाह. तोपर्यंत कुपीच्या भरवशावर दवाखाना टाळू नका. उशीर झाला तर पाय कापावा लागतो, आणि कापलेला पाय कोणत्याच इंजेक्शनने परत येत नाही.