चवीस उत्तम, छायाचित्रात निस्तेज : फुलसावंगी परिसरातील घरगुती अन्नाच्या रंगरूपाचा विचार

बीजशब्द : घरगुती अन्न, अंबाडीची भाजी, पातोडी, छायाचित्र, अन्नाचा रंग, अन्नाची प्रतिष्ठा

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी हे गाव विदर्भात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ वसलेले आहे. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या परिसरातील प्रमुख पिके होत. येथील स्वयंपाकात विदर्भ आणि मराठवाडा या दोन्ही प्रदेशांच्या चवी मिसळलेल्या आहेत. ज्वारीची भाकर, बेसन, अंबाडीची भाजी, पातोडीचा रस्सा, वांग्याचे भरीत, डाळभाजी आणि ठेचा हे येथील घराघरांतील नित्याचे अन्न आहे. या अन्नाच्या चवीविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याचे छायाचित्र काढले असता ते डोळ्यांना फारसे भावत नाही, हाही सार्वत्रिक अनुभव आहे.

वर्गात आहार या घटकाचे अध्यापन करताना प्रस्तुत लेखिकेने विद्यार्थिनींना आदल्या रात्रीच्या घरच्या जेवणाचे छायाचित्र दाखविण्यास सांगितले होते. काहींनी सणाच्या पुरणपोळीचे, तर काहींनी हॉटेलातील पनीरच्या भाजीचे छायाचित्र दाखविले. घरी अंबाडीची भाजी होती, ती उत्तमही झाली होती, परंतु फोटोत ती शेणासारखी दिसत होती म्हणून तो पुसून टाकला, असे एका विद्यार्थिनीने सांगितले. तिच्या या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. भाजी चवीला चांगली होती, छायाचित्रात वाईट दिसत होती आणि म्हणून ती दाखविण्यायोग्य नव्हती. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसऱ्या गोष्टीचा विचार करणे हे या लेखाचे प्रयोजन होय.

लेखाची उद्दिष्टे

१. परिसरातील निवडक घरगुती पदार्थांच्या मंद रंगरूपामागील शास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
२. छायाचित्रात अन्नाचे कोणते गुण उतरतात व कोणते उतरत नाहीत, हे पाहणे.
३. दिसण्यावरून अन्नाचे मूल्य ठरविण्याच्या परिणामांचा विचार करणे.
४. या अन्नाची नोंद कशी ठेवता येईल, याविषयी सूचना करणे.

पदार्थांचा रंग : चवीचीच दुसरी बाजू

प्रथम अंबाडीच्या भाजीचा विचार करू. अंबाडीचा पाला मुळातच आंबट असतो. तो शिजवून, डाळ व ज्वारीच्या कण्या घालून घोटला जातो आणि त्यावर लसणाची फोडणी ओतली जाते. पाल्याचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे असतो व हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात उष्णता मिळाली की हे मॅग्नेशियम बाहेर पडते, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि हिरवा रंग मातकट, तपकिरीकडे झुकणारा होतो. पालकाला बाहेरून आंबट घालावे लागते. अंबाडी हे आम्ल स्वतःसोबतच घेऊन येते. तात्पर्य, ज्या आंबटपणासाठी ही भाजी आवडीने खाल्ली जाते, तोच आंबटपणा तिचा हिरवा रंग घालवतो. दोहोंपैकी एकच ठेवणे शक्य नाही.

पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून शिजविताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. सोड्यामुळे आम्ल नाहीसे होऊन रंग टिकतो हे खरे. परंतु पाने लगदा होतात, आंबट चव मारली जाते आणि क जीवनसत्त्व व थायमिन यांचाही अधिक नाश होतो. रंगासाठी गुण गमावण्याचे हे साधे उदाहरण म्हणता येईल.

दुसरा पदार्थ म्हणजे पातोडीचा रस्सा. बेसन शिजवून, थापून केलेल्या वड्या झणझणीत रश्शात सोडल्या जातात. या रश्शाचा काळपट तपकिरी रंग भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे आणि मसाला यांतून येतो. अन्नातील अमिनो आम्ले आणि शर्करा यांचा उष्णतेमुळे संयोग होऊन तपकिरी द्रव्ये तयार होतात, ही क्रिया लुई कामिय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णिली. भाकरीवर पडणारे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास आणि कांद्याचा खमंगपणा यांच्या मुळाशी हीच क्रिया प्रामुख्याने असते. तपकिरी रंग आणि खमंग वास एकाच क्रियेतून जन्माला येतात, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. कांदा कमी भाजला तर रस्सा उजळ दिसेल, पण तो पातोडीचा रस्सा राहणार नाही.

वांग्याच्या भरिताची गोष्ट याहून वेगळी नाही. वांग्याचे सौंदर्य त्याच्या जांभळ्या सालीत असते आणि भरीत करताना नेमकी तीच साल जाळून काढून टाकावी लागते. आतील गर स्पंजासारखा असून त्यात हवा भरलेली असते. भाजताना ती निघून जाते, गर दबतो, करडा होतो व धुराचा वास धरतो. बेसनाचे स्वरूप तर काळानुसार बदलणारे आहे. चुलीवरून उतरताना ते सैल व चकाकणारे असते. काही मिनिटांतच त्यातील शिजलेले पिष्ट घट्ट होते आणि वर कोरडी साय धरते. ताट मांडून, मोबाईल शोधून छायाचित्र काढेपर्यंत बेसनाची उत्तम वेळ निघून गेलेली असते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिवट ग्लुटेन नसल्यामुळे भाकरीच्या कडा चिरतात. मात्र हीच भाकर रश्शात कुस्करली असता रस चटकन शोषून घेते.

लोखंडी कढईत केलेल्या भाज्या अधिक काळपट दिसतात. आंबट आणि रसदार पदार्थ लोखंडी भांड्यात दीर्घकाळ शिजविल्यास त्यांतील लोहाचे प्रमाण वाढते, असे १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. मात्र येथे सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. लोह व वनस्पतींतील तुरट द्रव्ये यांच्या संयोगानेही काळा रंग येतो आणि अशा रूपातील लोह शरीर सहजपणे शोषत नाही. म्हणून जितका काळा रंग तितके अधिक पोषण, असे समीकरण मांडता येणार नाही. रंगावरून अन्नाला नाकारणे जसे चूक, तसेच रंगावरून त्याचा गौरव करणेही चूकच होय.

छायाचित्रात काय उतरते?

छायाचित्र म्हणजे एका क्षणी वस्तूवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाची नोंद. त्यात रंग, आकार व कडा उतरतात. वास, ऊब, तिखटपणा, आंबटपणा आणि दाताखालचा पोत उतरत नाहीत. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकाकडे जाणाऱ्या वासाचा असतो. अंबाडीवरील लसणाची फोडणी हा प्रामुख्याने वासाचा व आवाजाचा अनुभव आहे. छायाचित्रात त्याचा फक्त तेलकट ओघळ शिल्लक राहतो.

यात घरातील प्रकाशाचीही भर पडते. रात्रीचे जेवण बहुधा एकाच दिव्याखाली होते. दिवा पिवळसर असल्यास हळदीचा पिवळा आणि भाजीचा मातकट रंग एकमेकांत मिसळून जातात. मोबाईलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने प्रकाश समोरून पडतो, सावल्या नाहीशा होतात आणि भाजीचा दाणेदारपणा सपाट होतो. स्टीलचे ताट स्वतःच चमकते व त्यापुढे भाजी अधिकच काळवंडते. घोटलेल्या भाजीला मुळात कडाच नसतात. पनीरचा चौकोनी तुकडा, जिलेबीचे वेटोळे किंवा मोदकाच्या कळ्या डोळ्याला चटकन ओळखता येतात. एकजीव झालेल्या पदार्थात डोळ्याला धरण्यासारखे काही सापडत नाही.

व्यावसायिक छायाचित्रकारांनाही ही अडचण चुकलेली नाही. अमेरिकेतील कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्यांचे तुकडे वर दिसावेत म्हणून वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवण्यात आल्या होत्या. तेथील व्यापार आयोगाने या प्रकरणी कारवाई केली व १९७० मध्ये तसा आदेश निघाला. रश्शातील वडी तळाशी बसते त्याप्रमाणे सूपमधील भाजीही तळाशी बसते. एकाने ती आहे तशी वाढली, दुसऱ्याने गोट्यांच्या आधाराने वर उचलली, इतकाच काय तो भेद.

डोळा जिभेवर अधिकार गाजवतो, हे मात्र नाकारता येत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात पांढऱ्या वाइनमध्ये चवहीन लाल रंग मिसळून ती परीक्षकांना देण्यात आली, तेव्हा तिचा वास वर्णन करताना त्यांनी तांबड्या वाइनसाठी वापरले जाणारे शब्द वापरले. सदर ५४ जण वाइनशास्त्राचे शिक्षण घेणारे होते. शिक्षित नाकाची ही स्थिती असेल, तर घरच्या भाजीचे फिके छायाचित्र वारंवार पाहणाऱ्या मुलामुलींच्या मनात त्या भाजीविषयी अढी बसणे अस्वाभाविक नाही.

अन्नाची प्रतिष्ठा आणि त्याचे परिणाम

इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या काळात अन्न खाण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढणे ही गावोगावची सवय झाली आहे. या सवयीत स्वतंत्रपणे काही गैर नाही. प्रश्न निवडीचा आहे. जे दाखविले जाते ते चांगले आणि जे दाखविले जात नाही ते हलके, अशी समजूत हळूहळू रूढ होते. डबा उघडताना झाकण अर्धवट ठेवणाऱ्या विद्यार्थिनी आपण पाहतो. या लज्जेचा संबंध चवीशी नाही.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. कोणाचे अन्न मिरविण्यायोग्य आणि कोणाचे झाकण्यायोग्य, हे मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी ठरलेले होते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आणि रूढ पाककृती-पुस्तकांत ज्या अन्नाला जागा नव्हती त्याला शब्द दिले. छायाचित्राने ही जुनी उतरंड निर्माण केलेली नाही. परंतु तिला एक नवे, निष्पाप वाटणारे कारण मात्र पुरविले आहे. पूर्वी हलके म्हटले जाई, आता फोटोत चांगले दिसत नाही असे म्हटले जाते.

आरोग्याच्या दृष्टीनेही हा विषय क्षुल्लक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ एखादी भाजी खाल्ल्याने तो दूर होणार नाही. तथापि पालेभाज्या, डाळी आणि भरडधान्ये ही ज्यांना सहज व स्वस्तात उपलब्ध आहेत, त्याच मुलींनी ती केवळ रूपावरून दूर सारावीत, ही चिंतेची बाब आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने ज्वारी-बाजरीचे केक व बिस्किटे यांची आकर्षक चित्रे झळकली. साध्या भाकरीला व कण्यांना त्या चौकटीत फारशी जागा मिळाली नाही.

नोंद कशी ठेवावी?

छायाचित्रे नव्हती तेव्हाही पाककृती टिकल्या, कारण त्या शब्दांत आणि मापांत बांधल्या गेल्या. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ हा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे घरोघर पोहोचविली. आपल्या परिसरातील अन्नासाठी याच मार्गाने पुढे जाता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील ज्येष्ठ स्त्रियांकडून एकेका पदार्थाची नोंद घ्यावी. तीत पदार्थाचे घरात प्रचलित असलेले नाव, हंगाम, साहित्य व माप, भांडे, शिजण्याचा वेळ, तयार झाल्याची खूण आणि तो कशासोबत व कसा खातात, हे मुद्दे असावेत. ‘फोडणीचा वास अंगणात आला की’ ही खूणसुद्धा एक अचूक माप आहे, हे लक्षात ठेवावे.

छायाचित्र काढावयाचे असल्यास ते दिवसा, दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढावे. बाजूच्या उजेडात दाणेदारपणा, तेलाची चकाकी व वाफ दिसू शकते. एकट्या वाटीऐवजी भाकर, कांदा, ठेचा यांसह संपूर्ण ताट घ्यावे. चित्रासाठी पदार्थात सोडा किंवा रंग घालू नये. आणि ताट थंड होणार असेल, तर आधी जेवावे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, या परिसरातील घरगुती पदार्थांचे मंद रंगरूप हा त्यांचा दोष नसून आंबटपणा, भाजणे, घोटणे व एकजीव करणे या चव निर्माण करणाऱ्या क्रियांचीच ती खूण आहे. छायाचित्र ही खूण दाखविते, चव दाखवू शकत नाही. म्हणून छायाचित्राला अन्नाचा साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. ज्या विद्यार्थिनीने अंबाडीच्या भाजीचा फोटो पुसून टाकला, तिला फोटो चांगला काढता आला नाही याची खंत वाटण्याचे कारण नाही. ती भाजी कशी करतात, हे तिने आईला विचारून वहीत उतरवून घ्यावे, एवढीच अपेक्षा आहे. फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा काढता येतो. आईच्या हातची रीत मात्र विचारली नाही तर कायमची हरवते.