जाळीतला लगदा आणि केंब्रिजची यादी

धुण्याच्या मशीनची जाळी तुम्ही कशी साफ करता? मी इतकी वर्षे ती मोरीच्या नळाखाली धरायची, बोटाने खरवडायची, की झाले काम. करडा लगदा पाण्याबरोबर निघून गेला की मी मोकळी! परवा भाचीने ते पाहिले आणि म्हणाली, "मावशी, अगं हे गटारातून नदीत, नदीतून समुद्रात जातं. हे तर त्या यादीत होतं!"

"कसली गं यादी?"

मग तिने सांगितले. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात विल्यम सदरलँड नावाचे प्राध्यापक. त्यांनी काही शास्त्रज्ञांना जमवून प्रश्न घातला, की शिकार, जंगलतोड हे सर्वांना ठाऊक आहेच. पण ज्याकडे आज फारसे कोणाचे लक्ष नाही आणि उद्या जे पशुपक्ष्यांच्या, झाडापेडांच्या मुळावर येईल, असे काय काय आहे? प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या जाणकारांना विचारून विषय आणायचे, त्यांना गुण द्यायचे, मग समोरासमोर बसून भवति न भवति करायची आणि पुन्हा गुण द्यायचे. जो विषय आधीच गाजलेला, तो मागे पडतो. शेवटी उरतात पंधरा. २०१० सालासाठी अशी पहिली यादी निघाली आणि तेव्हापासून दरवर्षी निघते.

खरे सांगते, मला आधी हसू आले. बसून याद्या करायच्या, हे काय काम झाले? पण मग आपल्याकडच्या गिधाडांची हकिगत आठवली.

आपल्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकेत गिधाडांचा थवा उतरायचा, आठवते ना? १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरला घरटी ओस पडलेली, पक्षी मरून पडलेले दिसले. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे कीटकनाशक. खरे कारण २००४ साली उजेडात आले, तेही पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. डायक्लोफेनॅक! आपण कंबरदुखीवर घेतो तेच औषध. गुरांनाही ते सर्रास देत. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. शंभरातले एखादे कलेवर तसे असले तरी पुरे! भारताने २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी घातली. पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली होती. उघड्यावर कुजणाऱ्या कलेवरांवर भटकी कुत्री पोसू लागली, ते वेगळेच.

यात कोणी वाईट चिंतले होते का? गाईचे दुखणे थांबावे म्हणूनच बिचाऱ्या शेतकऱ्याने औषध दिले होते.

म्हणून ती यादी. पहिल्या यादीतले दोन विषय तर आपल्या धुण्यातलेच. एक, मोज्यांना घामाचा वास येऊ नये म्हणून वापरलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण, जे सांडपाण्यात उतरतात. दुसरा, प्लॅस्टिकचे बारीक कण. तेव्हा त्याची फारशी चर्चा नव्हती. आता शाळकरी मुलेही बोलतात. पॉलिएस्टर साडी, नायलॉन, ॲक्रिलिकचा स्वेटर, हे सारे प्लॅस्टिकच की! २०१६ साली प्लिमथ विद्यापीठाने हिशेब मांडला, की सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांवर धागे सुटू शकतात. पुष्कळसे इतके बारीक, की जाळीतूनही निसटतात. समुद्रातले जीव ते गिळतात.

भाचीने मला चार गोष्टी लावून दिल्या आहेत. असले कपडे गार पाण्यात, थोडा वेळच फिरवायचे. मशीन अर्धवट न लावता भरून लावायचे. एकदा नेसलेली साडी मळली नसेल तर वाऱ्यावर टाकायची. नव्या कपड्यांतून धागे जास्त सुटतात, म्हणून उगाच खरेदी नको (हे ऐकून आमचे हे फारच खूश!). आणि लगदा वाळवून केराच्या डब्यात.

कामाच्या बाईंना हे समजावायला गेले, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, मी तो केरातच टाकते पहिल्यापासून. मोरी तुंबते ना!"