एका दिवसात 11,747, एका वर्षात 100

17 एप्रिल 1907. या एका दिवशी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर अमेरिकेत राहायला आलेल्या 11,747 माणसांची तपासणी झाली. चोवीस तास क्षणभरही न थांबता रांग चालली असती, तरी दर सात सेकंदांना एक माणूस! आणि हे सगळे बोटीच्या तळच्या वर्गातले. वरच्या वर्गातल्या प्रवाशांना सहसा बोटीवरच मोकळं करत. बोचकी सांभाळत जिना चढणाऱ्यांना डॉक्टर न्याहाळत. हृदयविकाराचा संशय आला की कोटावर खडूने ‘एच’, लंगडताना दिसला की ‘एल’, डोळ्यांत काही वाटलं की ‘ई’. खुपरी तपासायला बुटांची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटी करत. एवढं करूनही परत धाडलेल्यांचं प्रमाण होतं शंभरात सुमारे दोन. 1892 ते 1954 या काळात या बेटावरून सुमारे 1 कोटी 20 लाख माणसं आत गेली.

या लोंढ्याचं काय करायचं? होरेस कॅलन हा विचारवंत स्वतः पाच वर्षांचा असताना जर्मनीतून आलेला. 1915 मध्ये त्याने लिहिलं, की अमेरिकेने सगळ्यांना वितळवून एकाच साच्यात ओतू नये. वाद्यवृंदासारखं प्रत्येकाला आपापल्या सुरात वाजू द्यावं. नऊ वर्षांनी संसदेने उत्तर दिलं, तेही टक्केवारीत.

1924 चा कायदा म्हणाला: 1890 च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक अमेरिकेत होते, त्याच्या दोन टक्के दरवर्षी येऊ द्या. 1920 ची जनगणना हाताशी असताना चौतीस वर्षांपूर्वीची का काढली? कारण इटालियन, पोलिश आणि रशियातले ज्यू मोठ्या संख्येने आले ते 1890 नंतर. 1907 या एका वर्षात इटलीतून 2 लाख 85 हजारांवर लोक आले होते. नव्या कोट्यात इटलीच्या वाट्याला आले 3,845. नुसतं जनगणनेचं साल बदलून माणसं गाळता येतात, हे मला कुठल्याही उघड बंदीपेक्षा भयंकर वाटतं.

आशियाला तर बहुतेक दार बंदच होतं. 1923 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड या भारतीयाला नागरिकत्व नाकारलं होतं. भारतीयांना तो हक्क मिळाला 1946 मध्ये, आणि सोबत कोटा मिळाला वर्षाला 100 माणसांचा! त्या वेळी भारताची लोकसंख्या 40 कोटींच्या आसपास. जवळपास पाच कोटींच्या ब्रिटनचा कोटा होता 65,721. एलिस बेटावरची त्या एका दिवसाची रांग भारताच्या हिशेबाने सोडायची म्हटली, तर 117 वर्षांहून जास्त काळ लागेल. 1946 ला सुरुवात केली, तर शेवटचा माणूस आत जाईल 2063 मध्ये.

1965 च्या कायद्याने मूळ देशावर बेतलेले हे कोटे रद्द केले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही करताना हा काही क्रांतिकारी कायदा नाही, असंच सांगितलं. 1970 मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण 4.7 टक्क्यांवर उतरलं होतं. 2023 मध्ये ते 14.3 टक्के झालं, म्हणजे 4 कोटी 78 लाख माणसं. भारतात जन्मलेले 1960 मध्ये बारा हजारांच्या आसपास होते, आता 28 लाखांवर आहेत. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा साडेतीनशेहून अधिक. त्यांत मराठीही आहे.

पण एक टक्केवारी शिल्लक आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला मुळात 1 लाख 40 हजार ग्रीनकार्डं मिळतात आणि कुठल्याही एका देशाला सहसा त्यातली सात टक्केच, म्हणजे सुमारे 9,800. चार लाख वस्तीच्या आइसलँडला जी मर्यादा, तीच 140 कोटींच्या भारताला. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, हे अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन सांगतं. म्हणून न्यूजर्सीतल्या मराठी घरांत ‘बुलेटिन आलं का, डेट पुढे सरकली का’ हे दर महिन्याला विचारलं जातं. 2024 च्या बुलेटिनमध्ये ‘ईबी-2’ या उच्चशिक्षितांच्या गटातल्या भारतीयांची डेट 2012 मध्येच घुटमळत होती. आणि या अर्जावर फक्त आईवडील नसतात, मुलंही असतात. कॅलनच्याच वयात आलेली, तिथेच शाळा-कॉलेज केलेली मुलगी एकविसाव्या वर्षी सहसा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. मग तिला स्वतःचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, नाहीतर ज्या देशाची जेमतेम आठवण आहे तिथे परतावं लागतं.