बाळाच्या डोक्यावरची खपली आणि दुकानातून आणलेली ट्यूब

मी नागपूरला रामदासपेठेत एका कातडीच्या दवाखान्यात सिस्टर आहे. रामदासपेठ आणि शेजारची धंतोली म्हणजे दवाखान्यांचीच वस्ती. पहाटेच्या एसटीनं निघालेल्या बाया साडेदहापर्यंत आमच्या बाकावर येऊन बसतात. कडेवर लेकरू, पिशवीत डबा आणि जुन्या चिठ्ठ्या. दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाला पैसे लागतात, वर तपासणीची फी. म्हणून आज दोन गोष्टी सांगते: बाळाच्या डोक्याच्या कोणत्या त्रासाला ही धावपळ लागतच नाही, आणि कोणत्या त्रासाला एक दिवसही थांबायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात काटोलकडची एक सून आणि तिच्या सासूबाई आल्या. बाळ पाच महिन्यांचं. कानटोपी काढली तर डोक्याची कातडी लालभडक, पातळ, चकाकणारी. सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, आधी नुसती पिवळी खपली होती. हे लावलं की दोन दिवसांत साफ व्हायचं, थांबवलं की दुप्पट यायचं." पिशवीतून ट्यूब निघाली. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, दोन महिने लावलेली. सून खाली मान घालून बसली होती. घरात तिला सगळ्यांनी ऐकवलं होतं, तू वांगं खाल्लंस, तुझं दूधच उष्ण आहे.

तिचा काही दोष नव्हता. ती पिवळी खपली कितीतरी बाळांना होते. डॉक्टर तिला क्रेडल कॅप म्हणतात. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत ती दिसू लागते. आईच्या शरीरातले काही रस जन्माआधी बाळाकडे गेलेले असतात, त्यामुळे बाळाच्या कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करतात. कातडीवर एरवीही राहणारी एक बारीक बुरशी त्या तेलावर वाढते, आणि चिकट, पिवळसर पापुद्रे जमतात. कधी भुवयांवर, कानामागंही येतात. हे अस्वच्छतेनं होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुख्य म्हणजे बाळाला त्याची खाज नसते. बाळ दूध पितं, झोपतं, हसतं. त्रास आपल्या डोळ्यांना. बहुतेक बाळांचं वर्षाच्या आत आपोआप जातं.

घरी काय करायचं ते नीट ऐका, कारण चूक इथंच होते. खोबरेल तेल बोटावर घेऊन खपलीवर हलकेच लावा आणि अर्धा-एक तास राहू द्या. खपली जाड असेल तर जास्त वेळ चालेल. मग मऊ सुती कापडानं किंवा बाळाच्या मऊ ब्रशनं अलगद फिरवा. जेवढं सुटेल तेवढंच. नखानं खरवडायचं नाही, रक्त आलं तर तिथून जंतू शिरतात. त्यानंतर बाळाच्या सौम्य शाम्पूनं डोकं धुऊन तेल पूर्ण काढायचं. आपण तेल लावतो आणि तसंच ठेवतो, दुसऱ्या दिवशी वर आणखी घालतो. त्या बुरशीला आपण रोज जेवायला वाढतो म्हणा ना! आठवड्यातून दोन-तीनदा असं केलं की पुरे.

टाळू भरायची आपल्याकडे जुनी रीत आहे. तेलानं टाळू लवकर भरत नाही, समोरची टाळू बहुधा वर्ष-दीड वर्षात आपली आपण भरते. पण टाळूला हात लागेल या भीतीनं बाया तो भाग धूतच नाहीत, आणि खपली नेमकी तिथंच साचते. टाळूवर मजबूत पडदा असतो. तळहातानं हलकं धुतल्यानं काही होत नाही. बेसन आणि साय चोळणं, कढत पाणी ओतणं, ओव्याची धुरी देणं मात्र सोडा. चोळल्यानं कातडी सोलते, आणि धूर छातीलाही वाईट.

जावळाचंही विचारतात. कातडी लाल, ओली असेल तर वस्तरा लावू नका. मुहूर्त चुकवायचा नसेल तर कात्रीनं एक बट कापा, बाकीचं डोकं बरं झाल्यावर. आणि पातं नवं, तुमच्या डोळ्यांसमोर उघडलेलं.

आता दुसरा प्रकार, इसब. त्याला एक्झिमाही म्हणतात. हे बहुधा दोन-तीन महिन्यांनंतर सुरू होतं. कातडी कोरडी, लाल, खरखरीत. डोक्याबरोबर गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला चट्टे. आणि खाज. एवढं लहान बाळ खाजवू शकत नाही, ते डोकं उशीवर, तुमच्या खांद्यावर घासतं, रात्री किरकिर करतं. घरात कुणाला दमा किंवा असंच इसब असेल तर शक्यता वाढते. ते काही दिवसांत जाणारं दुखणं नाही. येतं, जातं, हिवाळ्यात वाढतं, आपल्या मे महिन्याच्या घामानंही चिडतं. अशा बाळाला एकदा डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

रोजची काळजी मात्र आईच्याच हातात. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांत अंघोळ, अंग टिपून घ्यायचं, आणि ओल सुकायच्या आत व्हॅसलीन किंवा डॉक्टरांनी दिलेलं साधं मलम भरपूर लावायचं. दिवसातून दोन-तीनदा, डाग नसले तरी. मोहरीचं तेल नको, ते कातडीला झोंबतं. लोकरीच्या टोपीच्या आत सुती टोपी. नखं कापलेली. अंगावरचं दूध सुरूच ठेवा, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय आईचं दूध, अंडी, भाजी बंद करू नका. बाळंतिणीला उपाशी ठेवून बाळाची कातडी सुधारत नाही.

घरात मोठ्यांनाही रात्री खाज सुटत असेल, बाळाच्या तळहाता-तळपायांवर पुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं, आणि सगळ्या घरानं एकाच दिवशी घ्यायचं.

आता त्या ट्यूबविषयी. तिच्यात क्लोबेटासोल होतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध, सगळं एकत्र. क्लोबेटासोल हे फार जोरदार स्टेरॉइड. ते सूज झटकन दाबतं, म्हणून दोन दिवसांत चमत्कार वाटतो. पण बाळाची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानानं तिचं क्षेत्र मोठं, त्यामुळे औषध रक्तात उतरतं. जास्त दिवस लावलं तर कातडी झिजते, बाळाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात मिळतात ती गोष्ट निराळी. वेष्टनाच्या डाव्या कोपऱ्यात इंग्रजी आर आणि त्याच्या पायाला छोटा एक्स दिसला, तर ते चिठ्ठीचं औषध आहे असं समजा. बीटामेथासोन, मोमेटासोन हीही त्यातलीच नावं.

याचा अर्थ स्टेरॉइड म्हणजे विष असा नाही, हेही सांगायला हवं. इसब भडकलं की डॉक्टर बाळाला सौम्य स्टेरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, थोडे दिवस देतात. ते घाबरून न लावणाऱ्या आयाही मी पाहते, आणि बाळ रात्ररात्र खाजवत राहतं. किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. किती वेळा आणि किती दिवस, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

डोक्यातून पू किंवा पिवळं पाणी येऊ लागलं, एकाएकी दुखरे फोड किंवा एकसारखी खोल जखमांसारखी ठिपकी उठली, ताप आला, बाळ दूध पिईना किंवा मलूल पडलं, तर त्याच दिवशी निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप म्हणजे कातडी राहू द्या, थेट सरकारी दवाखाना. एरवी पहिल्यांदा आशाताईला दाखवा. जन्मानंतर ४२ व्या दिवसापर्यंत ती ठरलेल्या दिवशी घरी येतेच, तेव्हा टोपी काढून डोकं दाखवा. आणि रामदासपेठेतच यायला हवं असं नाही. नागपूरला मेडिकल आणि मेयो, वर्ध्याकडे सेवाग्राम, इथं कातडीचे विभाग आहेत, खर्च पुष्कळ कमी.

काटोलच्या त्या बाळाची जोरदार ट्यूब डॉक्टरांनी बंद केली, सौम्य औषध दिलं आणि तेही हळूहळू कमी केलं. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी सून एकटीच आली होती, आणि मला तिनंच सांगितलं की घरी आता डोकं तीच धुते. येताना तिनं ती जुनी ट्यूब आणली होती, म्हणून डॉक्टरांना नेमकं काय लावलं ते कळलं. तुम्हीही याल तेव्हा लाजून ट्यूब फेकू नका, पिशवीत घालून घेऊन या.